जाणणाऱ्याचे ऋण

एखाद्या पदार्थात विष आहे हे ज्यास ठाऊक आहे व तरीही जो गप्प राहतो, त्याजकडे त्या विषाचा काही दोष जातो की नाही? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. तो आमच्या वर्धा जिल्ह्यातील बांधावर उभा आहे.

वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. तेथे 2017 साली पऱ्हाटीवर औषध फवारणारे वीसांहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने मरण पावले, आणि शेकडो आजारी पडले. त्या वर्षी पऱ्हाटी फार उंच वाढली होती, त्यामुळे फवारा उलटून अंगावर येई. (औषध हा शब्द आम्ही रूढीस अनुसरून लिहितो, वस्तुतः ते विषच.) अशी कित्येक विषे मज्जातंतूंचे कार्य बिघडवितात, लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली बारीक होते, अंग थरथरते व शेवटी श्वास अडतो.

मग हे कोणास ठाऊक नव्हते? डोळे जळतात हे मजुरास ठाऊक होते. ते कशाने जळतात हे डॉक्टरास ठाऊक होते. डब्यावर तांबडा त्रिकोण असला म्हणजे विष अतिजहाल, हे कायदा करणारास ठाऊक होते. परंतु प्रत्येकाचे ज्ञान त्याच्याच घरी राहिले.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाने निःपक्षपाती असावे, त्याने राज्यकारभारात पडू नये. तराजू धरणाराने पारडे दाबू नये हे खरे. पण जे वजन भरले ते मोठ्याने सांगू नये, असे कोणी म्हटले आहे काय? उलटपक्षी, खेडुताचे सर्वच बोलणे प्रमाण मानावे असेही आम्हांस वाटत नाही. वारा कोणत्या दिशेचा होता, उकाड्यात हातमोजे का काढावे लागले, हे त्याच्यावाचून कोणी सांगू शकत नाही. तथापि नुसते ‘डोळे जळतात’ हे अधिकाऱ्यापुढे टिकत नाही, आणि आकडा फुगविला तर पुढची खरी तक्रारही बुडते. तेव्हा शिक्षण दोघांसही हवे.

डॉ. सुशीला नायर 1962 ते 1967 पर्यंत केंद्राच्या आरोग्यमंत्री होत्या. जेथे नियम होतात ते स्थान त्यांनी आतून पाहिले होते. त्यांनी 1969 साली सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय काढले, व तेथील विद्यार्थ्यांस गाव दत्तक घेऊन कुटुंबांची ओळख करून घेण्याचा परिपाठ घातला. औषध लिहिण्यापूर्वी घर पाहावे, हा त्यातील विचार. पुढे 2007 पासून शेजारच्या अमरावतीसह काही जिल्ह्यांत गावकरी सरकारी आरोग्यसेवेवर देखरेख करू लागले, व जनसुनवाईत अधिकाऱ्यांस लोकांसमोर उत्तर द्यावे लागले. तेथे अधिकाऱ्यांचेही शिक्षण झाले, असे आम्ही म्हणू.

कायदा मात्र सावकाश चालतो. केंद्र सरकारने आणखी काही कीटकनाशकांवर बंदी घातली ती 2023 साली. तोवर यवतमाळच्या त्या घरांतून सहा हंगाम गेले होते.

आमच्या गावांतून ज्यांस अक्षरओळख आहे, त्यांनी फवारणीच्या दिवसांत एक वही ठेवावी: तारीख, शेत, डब्यावरचे नाव, त्रिकोणाचा रंग, कोणास काय झाले. ती ग्रामसभेत वाचावी, आणि त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस मुद्दाम बोलवावे.