जखम झाकावी की उघडावी?

शरीराची जखम उघडून धुवावी, हे कोणीही सांगेल. मनाच्या जखमेबाबत मात्र हाच प्रश्न नीतीचा होऊन बसतो.

हॉलंडमधील लायडन येथील मनोविकारतज्ज्ञ प्रा. यान बास्टियान्स हे छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांवर उपचार करीत. युद्ध संपून वर्षे लोटली तरी या माणसांना झोप नव्हती आणि झालेले सांगवतही नव्हते. त्यांना बोलते करण्यासाठी बास्टियान्स आपल्या देखरेखीखाली एल.एस.डी. देत. १९७६ साली इस्राएलचे लेखक येहिएल दि-नूर पत्नीच्या आग्रहावरून त्यांच्याकडे गेले. १९६१ साली आइखमानच्या खटल्यात साक्ष देता देता बेशुद्ध पडले, तेच हे दि-नूर.

त्या साक्षीत त्यांनी ऑशवित्झला दुसरा ग्रह म्हटले होते. औषधाच्या अमलात त्यांना थंडीच्या पहाटे जांभई देणारा एक नाझी शिपाई दिसला. आपल्या जागी तो आणि त्याच्या जागी आपण असू शकलो असतो, या विचाराने ते हादरले. ऑशवित्झ दुसरा ग्रह नव्हता. ते माणसांनीच उभारले होते. पाच बैठकींनंतर त्यांनी उपचार थांबवला. पुढे या अनुभवावर त्यांनी लिहिलेले पुस्तक इंग्रजीत 'शिविती' या नावाने निघाले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की दुःख हलके करणे म्हणजे मृतांना विसरणे. पण दि-नूर काही विसरले नाहीत. उलट त्यांना अधिक दिसले. झोप लागणे हा मृतांचा विश्वासघात नव्हे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा, असे आपले शास्त्र सांगते. मग रात्रंदिवस जळणारे मन जीवात धरायचे नाही काय?

दुसरा आक्षेप असा, की नशा ती नशाच. हा अधिक वजनदार आहे. बास्टियान्स यांनी आपल्या उपचाराची काटेकोर शास्त्रीय तपासणी केली नाही, आणि पुराव्यावाचून केलेली दया धोक्याची असते. हॉलंडने यातून सावध वाट काढली. १९९२ पासून तेथे लोकांनी आणलेल्या गोळ्यांत काय आहे हे तपासून सांगण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे. २००८ साली नशेच्या ताज्या अळंब्यांवर बंदी आली. २०२४ साली सरकारी आयोगाने आघातग्रस्तांना एम.डी.एम.ए. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे, अशी शिफारस केली.

कोकणातल्या आपल्या वाडवडिलांना यहुदी म्हणून छळ सोसावा लागला नाही. पण आज आपलीही मुले सैन्यातून गप्प होऊन घरी येतात. त्यांच्या हाती चोरून औषध पडू नये, आणि 'मन घट्ट कर' एवढेच सांगून आपणही सुटू नये. त्यांना वेळीच जाणत्या डॉक्टरकडे नेणे, हे आपले कर्तव्य आहे.