मंगळवारची पाळी

झाशीच्या प्रेम नगरात एका आजींच्या घरी वरच्या मजल्यावर तीन विद्यार्थी भाड्यानं राहत. त्यातला एक गुरसरायच्या मराठी घरातला, बुंदेलखंड विद्यापीठात शिकणारा. त्याचा वर्गमित्र रोज बबीनाहून रेल्वेनं अप-डाउन करी. रोजचा केवढा वेळ प्रवासात जाई; तरी पहिल्या सेमिस्टरला मित्र चांगल्या गुणांनी पास झाला आणि शहरातच राहणाऱ्या याचे दोन विषय राहिले.

मित्र पहाटे खाऊन, डबा घेऊन निघे. रात्री पान वाढायच्या आत अभ्यास उरकायचा, अशी घरची शिस्त. याच्या खोलीत वाट पाहणारं कुणीच नव्हतं. घरून पैसे पुरेसे येत. पण मध्यरात्री बिस्किटं, सकाळी झोप, पहिलं लेक्चर बुडालेलं, दुपारी कचोरी आणि मग वर्गात पेंग.

आजी हे पाहत होत्या. त्यांनी त्याला फुकट जेवू घातलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं माहेर साताऱ्याचं. एका संध्याकाळी तिघांना बोलावून त्या म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण मुलं नुसती जेवत नसत, कामंही करत. तुम्ही तिघं एकच चूल करा, वार वाटून घ्या."

"आजी, मला कुकरही लावता येत नाही."

"येईल. मी दारात उभी राहीन, हात मात्र लावणार नाही."

मंगळवार त्याचा ठरला. पहिल्याच मंगळवारी डाळ करपली. दोघांनी ती मुकाट्यानं खाल्ली. त्याला तेच लागलं. साडेआठला दोघं ताटं घेऊन बसणार म्हणून तो सहालाच भाजी घेऊन परतू लागला. जेवण वेळेवर, म्हणून झोप वेळेवर, म्हणून सकाळचं लेक्चरही. जेवणं झाली की त्याच चटईवर वह्या उघडत. एकाचं अडलं की दुसरा सांगे. वरणभातानं गणित येत नाही, पण उपाशी, झोपाळलेल्या डोक्यात ते शिरतही नाही. राहिलेले दोन्ही विषय त्यानं सोडवले.

जुलैत एक खोली रिकामी झाली. नवा मुलगा म्हणाला, "मी बाहेरच खातो, मला स्वयंपाकघर नको."

"गुरुवार रिकामा आहे, तो तुझा," हा म्हणाला. "भात लावता येतो? नाही? मग आज सहाला ये, दाखवतो."