मूळ संहिता आणि कर्त्याची संमती

कलाकृतीच्या दोन संहिता उपलब्ध असतील तर प्रामाण्य कोणत्या संहितेला द्यावे, ह्या प्रश्नाचे रूढ उत्तर ‘कर्त्याला अभिप्रेत असलेल्या’ असे दिले जाते. चायकोव्हस्की यांच्या ‘रोकोको व्हेरिएशन्स’ ह्या चेलो आणि वाद्यवृंदासाठीच्या कृतीचा इतिहास हे उत्तर अपुरे ठरवतो.

१८७७ साली मॉस्को येथे ही कृती प्रथम सादर करणाऱ्या विल्हेल्म फिट्झेनहागेन ह्या चेलोवादकाने पुढे तिच्यातील रूपभेदांचा क्रम बदलला. सातव्या स्थानावरील संथ रूपभेद त्याने तिसऱ्या स्थानी आणला, तिसरा उत्तरार्धात नेला आणि आठवा गाळूनच टाकला. ह्या फेरफारांविषयी प्रकाशक युर्गेनसन यांनी चायकोव्हस्कींकडे तक्रार केली होती. तरीही छापली गेली ती बदललेलीच संहिता. ब्रांडुकोव्ह ह्या चेलोवादकाच्या आठवणीनुसार चायकोव्हस्की ह्या बदलांमुळे व्यथित होते, पण अखेर वैतागून त्यांनी ते तसेच राहू दिले. मूळ क्रम १९४१ साली डानिइल शाफ्रान यांच्या वादनातून प्रथमच ऐकू आला. पण प्रचारात राहिली ती मुख्यतः फिट्झेनहागेनचीच संहिता.

येथे ‘अभिप्राय’ ही संकल्पनाच दुभंगते. कर्त्याची पहिली इच्छा प्रमाण मानावी, की नंतरची संमती? संमती मानावी, तर जी हतबलतेतून येते तिला संमती म्हणावे काय? मौन म्हणजे मान्यता नव्हे. परंतु दुरुस्तीची संधी असताना पाळलेले मौन निरर्थक म्हणून बाजूला सारणे, हेही कर्त्याच्या स्वातंत्र्याचा अव्हेर करणेच होय.

मूळ हस्तलिखिताकडे परतल्याने हा पेच सुटतो, असेही नाही. त्या हस्तलिखितातही चेलोच्या स्वरलेखनात फिट्झेनहागेनच्या हातचे फेरफार आहेत. म्हणजे ज्या निर्भेळ आरंभाचा शोध संहिताचिकित्सक घेतो, तेथेही दुसरा हात आधीच उपस्थित असतो. प्रयोगासाठी रचल्या जाणाऱ्या कलांमध्ये कर्तृत्व अविभाज्य असते, हे गृहीतकच तपासून पाहावे लागते.

ह्याचा अर्थ दोन्ही संहिता नैतिकदृष्ट्या समान ठरतात, असा मात्र नाही. वादकाने क्रम सुचवणे आणि कर्त्याच्या नाराजीनंतरही तो रूढ होणे, ह्यांत अंतर आहे. हे अंतर एका संहितेवर बंदी घालून भरून निघत नाही. ते उघड करूनच त्याला न्याय देता येतो. बदललेली संहिता वाजवणे हा अपराध नव्हे. ती केवळ चायकोव्हस्कींच्या नावावर वाजवणे हा मात्र दुहेरी अन्याय आहे: ज्याने जे रचले नाही ते त्याच्या माथी मारले जाते आणि ज्याने ते घडवले तो श्रेयातून व दोषातूनही निसटतो. संहितेशी निष्ठा म्हणजे अखेर त्या संहितेवर उमटलेल्या प्रत्येक हाताची कबुली होय.