निघतानाचे मंगल

नालासोपाऱ्याला सकाळची लोकल पकडणाऱ्याला एकच घोर असतो, आत शिरायला मिळेल की नाही. आपले गाव दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना ठाऊक होते, हे त्याच्या गावीही नसते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात सोपाऱ्याचे नाव आहे म्हणून कुणाचा लेट मार्क टळत नाही.

सोपाऱ्याच्या या बंदरावर मौर्य आले, सातवाहन आले, क्षत्रप आले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथे धर्मशाळा बांधली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि नाशिकच्या लेण्यात त्याची नोंदही कोरून ठेवली. पुढे शिलाहार, अरब व्यापारी. राज्ये बदलली, गिऱ्हाईक बदलले, धक्का चालूच राहिला.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. निघाला स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, आणि असे करत करत शेवटी सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले होते, असे भगवानलालांचे मत.

मला मात्र 1956 मध्ये जवळच्या भुईगावात सापडलेला दगड अधिक मोलाचा वाटतो. त्यावर अशोकाचा नववा लेख आहे. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांना न छळणे, हे खरे मंगल, असा त्याचा आशय. आणि हे लिहून ठेवले कुठे, तर जिथून माणसे जिवावर उदार होऊन समुद्रात शिरत, त्या बंदरात. तिथल्या सावकारांना तो लेख सुखाचा वाटला असेल असे नाही. पूजाअर्चा सोपी, वल्हेकऱ्याची मजुरी वेळेवर देणे अवघड.

पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते ठाणे-वसईकडे वळली. पोर्तुगीज आले तोवर सोपाऱ्याचा बहर ओसरला होता.

स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. एखाद्या रविवारी, गाडीला गर्दी कमी असेल तेव्हा, पोराबाळांना घेऊन जाऊन या.