श्रेयाचा वाटा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा मुक्काम कुणकेश्वरास होता. संध्याकाळी ओहोटी लागली, की देवळाखालच्या ओल्या पुळणीवर गावची मुले क्रिकेटचा डाव मांडीत. एके दिवशी एका मुलाने शेवटचा चेंडू टोलावून सामना जिंकला, आणि सोबत्यांनी त्यास खांद्यावर घेऊन मिरविले. त्याच संघातील दुसरा एक मुलगा दोन तास लाटांत शिरून चेंडू अडवीत होता. तो एकटाच बाजूस बसून भिजलेली चड्डी पिळीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुळणीवर कोळ्यांची रापण लागली. म्हातारे, तरुण, सर्वांनी दोर ओढले, आणि मासळी वाळूवर येताच तिचे वाटे पडले. हे दोन देखावे मनात एकमेकांशेजारी राहिले, आणि त्यांतून एक प्रश्न उभा राहिला : अनेकांनी मिळविलेल्या विजयाचे श्रेय न्यायाने कोणाचे?

प्रश्न खेळातला म्हणून हलका मानू नये. रणजी करंडकाच्या इतिहासात मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षे अजिंक्यपद राखिले. एकटे राजस्थान या काळात सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले, आणि तेही सलीम दुराणी व हनुमंतसिंग यांच्यासारखे मातब्बर खेळाडू पदरी असताना. १९७३-७४ साली कर्नाटकाने उपांत्य सामन्यात ही साखळी तोडली. हा पराक्रम कोणाचा, असे विचारताच आपल्या तोंडी दोन-चार मोठी नावे येतात. मोठा खेळाडू हेच विजयाचे कारण, असे आपण गृहीत धरितो. हे गृहीत कितपत टिकते?

सांगलीचे विजय हजारे यांचे उदाहरण पाहा. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. याहून अधिक एका माणसाने काय करावे? तरीही त्यांचा संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. म्हणजे अलौकिक कर्तृत्व आणि विजय यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

आता उलट बाजू पाहू. १९७१ साली वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड हे मुंबईचे खंदे वीर वेस्ट इंडीजमध्ये होते. तेथे गावसकरांनी ७७४ व सरदेसायांनी ६४२ धावा केल्या, आणि भारताने त्या भूमीवर पहिल्यानेच मालिका जिंकली. इकडे सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने त्याच हंगामात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखिला. अमेरिकेतील बेसबॉलचा दाखलाही असाच आहे. न्यूयॉर्कच्या यांकी संघाने १९४९ ते १९५३ अशी पाच विजेतेपदे ओळीने मिळविली. त्यांतील शेवटची दोन डिमॅजिओसारखा महान खेळाडू निवृत्त झाल्यानंतरची. पहिला गडी गेला तरी दुसरा तयार असतो, यातच अशा संघाचे सामर्थ्य. हे तयार गडी आकाशातून पडत नाहीत. १९४८ पासून भर पावसात, चिखलाने माखलेल्या खेळपट्ट्यांवर खेळविल्या जाणाऱ्या कांगा स्पर्धेत ते घडतात; तेथील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नसतात.

ज्यांची नावे ठाऊक आहेत, त्यांनाही योग्य मान मिळतोच असे नाही. पंधराव्या विजयाच्या अंतिम सामन्यात पद्माकर शिवलकरांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे ५८९ बळी घेणारा हा गोलंदाज एकही कसोटी खेळला नाही. त्या जागी बिशनसिंग बेदी होते. बेदींचा यात दोष नाही, आणि शिवलकरांचा तर नाहीच.

यावर कोणी म्हणेल, श्रेय असे सर्वांत वाटू लागलो तर कर्तृत्वास उत्तेजन कसे मिळणार? आक्षेप योग्य आहे. परंतु कीर्ती आणि कृतज्ञता या दोन वस्तू भिन्न आहेत. कीर्ती थोड्यांचीच होणार. लोकांच्या स्मरणात जागा थोडी असते, त्यात अन्याय नाही. ज्याचे नाव गाजले नाही त्याने काही केलेच नाही, असे जेव्हा आपण मानू लागतो, तेव्हा अन्यायास आरंभ होतो. एकनाथ सोलकरांनी फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून २७ कसोट्यांत ५३ झेल टिपले. तसा बळी गोलंदाजाच्या खात्यावर जमा होतो, पण धावफलक झेल घेणाऱ्याचेही नाव शेजारी लिहितो. धावफलकास जो न्याय कळतो तो आपल्यास कळू नये काय?

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा हिशेब द्यावा हे बरे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या नावे एक पाठ्यपुस्तक निघाले. त्याचे हस्तलिखित एका तरुण सहकाऱ्याने अक्षरशः ओळीओळीने तपासले होते, आणि त्यातील दोन प्रकरणांची मांडणी मुळात त्याचीच होती. प्रस्तावनेत आम्ही थोरामोठ्यांचे आभार मानले. त्याचे नाव राहिले. विसरलो, असे तेव्हा स्वतःस सांगितले. खरे हे, की ते नाव घातल्याने आमचे नाव उणे होईल अशी भीती मनात होती. पुढच्या आवृत्तीत ते घालू म्हणता म्हणता दुसरी आवृत्ती निघालीच नाही, आणि तो मित्रही आता हयात नाही.

म्हणून रापणीचे वाटे पडताना आम्ही जरा अधिकच निरखून पाहत होतो. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा. सर्वांचे वाटे सारखे नव्हते. पण दोरास हात लावलेला एकही माणूस रिकाम्या हाताने घरी गेला नाही. शेवटी येऊन दोर धरलेल्या एका म्हाताऱ्याच्या टोपलीतही ओंजळभर मासळी पडली, आणि ती त्यास कोणी उपकार म्हणून दिली नव्हती.