कलम कोणावरून उचलले गेले?

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने मानवाला ज्ञान दिले आणि ज्ञानाची ओढही दिली. दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सहाबांवर.



मक्केतील ती घटना आपण अनेकदा ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या काही सरदारांना दीनचे आवाहन करीत होते. ही माणसे ईमान घेऊन आली तर त्यांच्यामागे कितीतरी लोक येतील, अशी त्यांना आशा होती. त्याच वेळी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (र.) तेथे आले. ते अंध होते. समोर कोण बसले आहे, हे त्यांना दिसत नव्हते. अल्लाहने आपल्याला जे शिकवले त्यातले मलाही शिकवा, अशी विनंती ते करू लागले. बोलण्यात व्यत्यय आला म्हणून प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी मुख वळवले. त्या आठीबद्दल वही उतरली. सूरह अबसच्या प्रारंभीच्या आयती त्याच प्रसंगाच्या आहेत.

या सूरहवर प्रवचन करताना आपण प्रेषितांच्या सत्यनिष्ठेविषयी बोलतो. आपल्याला दिलेली समज त्यांनी जशीच्या तशी उम्मतपर्यंत पोहोचवली, हे खरेच आहे. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. इब्ने उम्मे मकतूम (र.) तेथे कशासाठी आले होते? त्यांनी अन्न मागितले नाही, पैसा मागितला नाही. ते शिकायला आले होते. एका दिव्यांग माणसाची शिकण्याची इच्छा अल्लाहच्या दरबारात मक्केच्या सरदारांपेक्षा वजनदार ठरली.

पुढे मदीनेत काय घडले तेही पाहावे. प्रेषितांनी (स.) याच अंध सहाबींना मुअज्जिन नेमले. रमजानमध्ये हजरत बिलाल (र.) रात्र असतानाच अजान देत आणि इब्ने उम्मे मकतूम (र.) यांची अजान झाली की सहरीचे खाणे थांबवावयाचे असे. विचार करा, फजरची वेळ उजेडावर ठरते आणि तो उजेड ज्यांना दिसत नाही त्यांच्यावर ही जबाबदारी! सहीह बुखारीत याचा उलगडा आहे. पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत, तेव्हा ते अजान देत. म्हणजे जी उणीव होती ती भोवतालच्या माणसांनी भरून काढली, आणि काम मात्र त्यांचेच राहिले. स्वतः मदीनेबाहेर जाताना प्रेषितांनी एकाहून अधिक वेळा शहरात आपले प्रतिनिधी म्हणून त्यांनाच मागे ठेवले.

आता मला माझी एक चूक सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी इमामत करीत होतो. असरनंतर मकतब भरे. एके दिवशी एक आई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा बौद्धिक दिव्यांग होता. त्याचे बोलणे अस्पष्ट होते आणि तो एका जागी बसत नव्हता. ती म्हणाली, “मौलानासाब, याला वाचता नाही आलं तरी चालेल. पोरांच्या ओळीत बसू द्या.” माझ्यापुढे चाळीस मुले होती. मी म्हणालो, “खाला, हा माजूर आहे. शरीअतने याला माफ केले आहे. याला घरीच आरामात ठेवा.” मी दिलेला मसला ग्रंथांत आहे. ती काही बोलली नाही. तिने मुलाची टोपी सरळ केली आणि त्याचा हात धरून निघून गेली.

त्या रात्री मला ती हदीस आठवली जी मदरशातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, आणि जिच्या आधारे मी तिला परत पाठवले होते. तिघांवरून कलम उचलले गेले आहे: झोपलेल्यावरून तो जागा होईपर्यंत, बालकावरून तो वयात येईपर्यंत आणि ज्याची बुद्धी कार्य करीत नाही त्याच्यावरून ती परत येईपर्यंत. त्यांच्या कर्मांची नोंद दोष म्हणून लिहिली जात नाही. पण ही सवलत त्या मुलाची होती. त्याच्या वडिलांवरून कलम उचललेले नव्हते. शेजाऱ्यांवरून उचललेले नव्हते, आणि चाळीस मुलांच्या त्या उस्तादावरून तर मुळीच नव्हते. मी मुलाची सवलत घेऊन स्वतःची जबाबदारी माफ करून घेतली होती. त्याहून कठोर गोष्ट ही की, सूरह अबस पाठ असताना माझ्या कपाळावर आठी पडली होती.

सहीह मुस्लिममधील आणखी एक प्रसंग आहे. मदीनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काही दोष होता. आपले आपल्याशी काम आहे, असे ती प्रेषितांना (स.) म्हणाली. त्यांनी तिला तिच्या मुलाच्या नावाने आदराने संबोधिले आणि सांगितले की, तुला हवी ती गल्ली निवड, मी तेथे येऊन तुझे काम करीन. मग ते रस्त्यात तिच्याबरोबर थांबले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकत राहिले. जागा तिने ठरवायची, वेळ तिच्या गतीने जायचा. विशेष शिक्षणाचे मूळ तत्त्व मला या हदीसमध्ये दिसते.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तेथेच मुलाच्या शाळेत आठवड्यातून ठरावीक दिवशी येणाऱ्या विशेष शिक्षिकेची माहिती मिळाली. मुलाच्या वडिलांसह मी त्यांना शाळेत भेटलो. मुलाला वुजू शिकवायचा आहे, असे म्हणताच त्यांनी विचारले, “वुजूच्या पायऱ्या किती?” मी चार फर्ज सांगितले. त्या म्हणाल्या, “नळ उघडण्यापासून मोजा.” मोजल्या तेव्हा बाही वर करणे, ओंजळ धरणे, पाणी न सांडता तोंडापर्यंत नेणे अशा एकवीस पायऱ्या निघाल्या. आपल्याला जे एक काम वाटते ते त्या मुलासाठी एकवीस कामे होती आणि आपण ती एका दमात सांगून ‘याला येत नाही’ असा निकाल देत होतो.

त्यांनी पद्धत सांगितली ती अशी. प्रत्येक पायरीचे चित्र काढून नळाजवळ लावावे. सुरुवातीला वीस पायऱ्या हाताला हात धरून करून घ्याव्यात आणि शेवटची, म्हणजे नळ बंद करण्याची, मुलाला स्वतः करू द्यावी. ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन. असे मागून पुढे यावे, म्हणजे प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते आणि त्याला यशाचा आनंद मिळतो. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, घरी, शाळेत आणि मकतबमध्ये शब्द व खूण एकच असावी. आमच्या घरांत आई दखनी बोलते, शाळा मराठी असते आणि मकतबमध्ये उर्दू-अरबी चालते. इतर मुले हे सहज पेलतात. या मुलाला मात्र एकाच कृतीसाठी तीन ठिकाणी तीन हुकूम मिळत होते. आम्ही एक ठरवला.

वुजू शिकायला त्याला सात महिने लागले. वाचायला तो आजही शिकलेला नाही, आणि मी तुम्हाला चमत्काराची कथा सांगत नाही. पण तो ओळीत बसतो, जमाअतमध्ये उभा राहतो, आणि जुम्याला चटया अंथरण्याचे काम त्याचे आहे. ते दुसऱ्या कोणी केले तर तो रागावतो.

प्रिय वाचकहो, या सात महिन्यांत अवघड गोष्ट मुलाला शिकवणे ही नव्हती. वडिलांना आणणे ही होती. “हे सगळं त्याची आईच बघते,” असे ते म्हणत. दिव्यांग मूल म्हणजे आईची बाब, हा समज आपल्या घरांत खोल रुजला आहे. कुरआनने मात्र मुलाला शिकवणारे पालक म्हणून पित्याचे उदाहरण दिले आहे. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला अत्यंत मायेने हाक मारून एकेक गोष्ट समजावतात. आणि भावंडांचे काय, असे विचाराल तर सूरह ताहा वाचा. हजरत मूसा (अलै.) यांनी आपल्या जिभेची गाठ सैल व्हावी, अशी दुआ केली आणि त्याचबरोबर आपल्या कुटुंबातून, भाऊ हारून (अलै.) यांना, मदतीला मागितले. अल्लाहने दोन्ही मागण्या मान्य केल्या. मूसांचे (अलै.) कार्य हारूनना देऊन त्यांना घरी बसवले नाही, भावाला सोबत दिले.

मग आपण काय करतो? काही घरांत मातेला दोष दिला जातो, जणू मूल ही तिच्या गुनाहची शिक्षा आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा स्पष्ट नियम आहे. तेव्हा पालकांच्या कर्मांची शिक्षा बालकावर लादणारे आपण कोण? काही घरांत नजर लागली म्हणून तावीज-धाग्यांत वर्षे जातात. दुआ ही मोमिनची शक्तीच आहे, पण उपचार करण्याचा आदेशही प्रेषितांचाच (स.) आहे. बाळ आवाजाला प्रतिसाद देत नसेल तर पहिल्या काही महिन्यांतच त्याचे कान तपासले पाहिजेत. भाषा शिकण्याची ती वर्षे परत येत नाहीत. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि जिल्हा रुग्णालयातूनही तपासणीची वाट मिळते. दिव्यांग मुलींच्या बाबतीत तर ‘हिला शिकवून काय करायचे’ हा प्रश्न दुप्पट जोराने विचारला जातो. त्याचे उत्तर कियामतच्या दिवशी द्यावे लागेल.

देशाच्या कायद्यानेही मार्ग मोकळा केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य आहेत. ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, अशा मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो. यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र काढावे लागते. अनेक पालक ते काढत नाहीत, कारण ‘मुलावर शिक्का बसेल’, ‘बहिणींची स्थळे अडतील’ अशी भीती वाटते. बंधूंनो, लोकांच्या तोंडाच्या भीतीने मुलाचा हक्क दाबून ठेवणे ही अमानतीत खयानत आहे. शाळेत त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो का, हे विचारा. त्या बैठकीला आई-वडील दोघे जा, मुलाला घरी काय जमते ते सांगा, आणि घरी करावयाचे काम लिहून आणा.

आपल्या मशिदी आणि मदरशांवरही कर्तव्य आहे. वुजूखान्यात आधाराचा दांडा, दारात उतार, मकतबमध्ये एका मदतनीसाची सोय हे लिल्लाह निधीतून सहज होऊ शकते. जकातीची रक्कम बांधकामाला लागत नाही. परंतु गरजू, जकातपात्र कुटुंबाला ती सुपूर्द केली तर त्यातून श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची किंवा उपचाराला जाण्याचे भाडे भागू शकते. आपल्या स्थानिक आलिमांना विचारून असे करा. आणि ‘अंध मुलाला काय शिकवणार’ असे वाटले तर लक्षात ठेवा, सात किरआतींवरील ज्या ग्रंथाशिवाय आजही ते शास्त्र शिकले जात नाही, त्याचे कर्ते इमाम शातिबी (मृत्यू हिजरी ५९०) अंध होते. त्यांनाही लहानपणी कोणीतरी ओळीत बसू दिले असेल.

या महिन्यात एक काम करा. आपल्या मोहल्ल्यात ज्या घरातील मूल शाळेत किंवा मकतबमध्ये दिसत नाही, त्या घरी जा. सल्ला देऊ नका, आधी ऐका. त्या आईला विचारा की, आमच्याकडून काय हवे? बहुधा ती फार मोठे काही मागणार नाही.

हे अल्लाह! तू ज्या लेकरांवरून कलम उचलले आहेस, त्यांच्याबाबत आमच्या नोंदीत लिहिले गेले ते माफ कर. त्यांच्या माता-पित्यांना सबर दे आणि त्यांच्या सबरला सोबत दे. आमच्या कपाळांवरील आठ्या काढून टाक, आणि शिकायला आलेल्या कोणालाही दारातून परत पाठवण्यापासून आम्हाला वाचव. आमीन, या रब्बुल आलमीन.