भाव आणि मोल

24 नोव्हेंबर 2024, रविवार. ख्रिस्तराजाचा सण. त्याच दिवशी सौदी अरेबियातील जेद्दाह शहरात आयपीएलचा लिलाव सुरू झाला आणि ऋषभ पंत या एका खेळाडूसाठी लखनौच्या संघमालकांनी 27 कोटी रुपयांची बोली लावली. आयपीएलच्या लिलावात त्याआधी एवढी मोठी बोली कोणावरच लागली नव्हती.

हा आकडा किती मोठा आहे? 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 312 रुपये मजुरी होती. वर्षाचे 300 दिवस काम मिळाले आणि त्यातला एक रुपयाही खर्च केला नाही, असे धरू. तरी 27 कोटी जमवायला त्या मजुराला सुमारे 2,885 वर्षे लागतील. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या साडेआठशे वर्षे आधी त्याने खांद्यावर कुदळ घेतली असती, तर आज कुठे हिशेब पुरा झाला असता.

असा हिशेब मांडला की आपल्यापैकी काहीजण थक्क होतात, तर काहीजण चिडतात. 'चेंडूफळीला एवढा पैसा आणि दवाखान्यातल्या नर्सला किती?' हा प्रश्न मनात येतोच. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण रागाच्या भरात आपण भलत्याच माणसाकडे बोट तर दाखवत नाही ना, हे तपासून पाहायला हवे.

हा पैसा येतो कुठून? 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क 2022 साली 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. विकत घेणाऱ्यांनी तो पैसा जाहिरातींच्या आणि वर्गणीच्या भरवशावर ओतला. जाहिराती येतात, कारण आपण पाहतो. संध्याकाळी टीव्ही लावणारे आणि गाडीत मोबाईलवर धावसंख्या पाहणारे आपणच आहोत. ही तिजोरी आपल्या वेळेने भरली आहे. खेळाडूने आपला वाटा घेतला नाही, तर तो नर्सच्या पगारात जाणार नाही, मालकाच्या खिशात राहील. मग ज्याच्या घामावर खेळ उभा आहे त्याला वाटा मिळाला, तर त्यात पाप ते काय? शिवाय खेळाडूची कमाईची वर्षे मोजकीच असतात. गुडघा गेला की धंदा संपला.

यासंबंधात अमेरिकेतील बेसबॉलची गोष्ट उद्बोधक आहे. तिथे अनेक दशके असा नियम होता, की करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबच्या मालकीचा राहायचा. क्लबला वाटले तर त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकता येई, पण त्याला स्वतःहून कुठे जाता येत नसे. 1969 साली सेंट लुईसच्या क्लबने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जायला नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने बेसबॉलच्या प्रमुखांना लेखी कळवले आणि तो कोर्टात गेला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्दही संपली. पण 1975 च्या डिसेंबरात दोन गोलंदाजांच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला आणि ती साखळी तुटली. करार संपलेला खेळाडू मोकळा झाला आणि स्वतःची बोलणी स्वतः करू लागला. मग पगार झपाट्याने वाढत गेले. 2024 च्या डिसेंबरात हुआन सोटो या खेळाडूने न्यूयॉर्कच्या क्लबशी 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्यांची सुरुवात एका माणसाच्या 'नाही' या शब्दापासून झाली, हे विसरू नये.

'नाही' म्हणता येणे म्हणजे काय, हे आपल्या पालघर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याच शेतावर वर्षानुवर्षे राबायचे, ही 'लग्नगडी'ची पद्धत इथल्या आदिवासी समाजाने भोगली आहे. 1945 साली सुरू झालेल्या वारली उठावाने ती मोडली. बेसबॉलचा खेळाडू आणि लग्नगडी यांच्या हालअपेष्टांची तुलना होऊच शकत नाही. मात्र दोघांच्या बाबतीत अन्यायाचे मूळ एकच होते. माणसाच्या श्रमाची किंमत ठरत होती आणि त्या ठरवण्यात त्यालाच आवाज नव्हता.

आता आपल्या लिलावाकडे वळू. लिलावात नाव नोंदवायचे की नाही, हे खेळाडूच्या हाती असते. मात्र एकदा नाव दिले की कोणत्या संघाकडे आणि किती रकमेला जायचे, हे हातोडा ठरवतो. त्याची किंमत साऱ्या देशासमोर पुकारली जाते आणि कोणी हात वर केला नाही, तर तेही साऱ्या देशाला दिसते.

पालघरच्या शार्दूल ठाकूरचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. 2018 साली चेन्नईने त्याला 2 कोटी 60 लाखांना घेतले. 2021 च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने 67 धावा केल्या आणि सात बळी घेतले. 2022 च्या लिलावात दिल्लीने त्याच्यासाठी 10 कोटी 75 लाख मोजले. 2024 च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला 4 कोटींना परत घेतले. आणि 2024 च्या नोव्हेंबरात, ज्या लिलावात पंतवर 27 कोटींची बोली लागली, त्याच लिलावात 2 कोटी मूळ किंमत असलेल्या शार्दूलसाठी एकाही मालकाचा हात वर गेला नाही. त्याने काय केले? त्याच मोसमात रणजी स्पर्धेत मुंबईकडून शतक ठोकले, हॅटट्रिकही घेतली. पुढे 2025 च्या मार्चमध्ये लखनौचा एक गोलंदाज जखमी झाला, तेव्हा त्याला 2 कोटींना बोलावणे आले आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने हैदराबादचे चार गडी बाद केले.

आता सांगा, या माणसाचे मोल तीन वर्षांत पावणेअकरा कोटींवरून शून्यावर आले होते का? माणूस तोच होता. बदलला तो भाव. भाव ठरतो तो कोणत्या संघाला काय हवे आहे, थैलीत किती पैसे उरले आहेत, नाव आधी पुकारले की नंतर आणि दोन मालक किती इरेला पेटले आहेत, यावर. 2023 साली महिलांच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला सर्वात जास्त, म्हणजे 3 कोटी 40 लाख रुपये मिळाले. त्या वेळी महिलांच्या प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा 12 कोटींची होती आणि पुरुषांच्या संघाला 95 कोटींची. स्मृतीचे कौशल्य त्या प्रमाणात कमी होते, असे कोण म्हणेल? बाजार गरज मोजतो. माणूस मोजण्याचे माप बाजाराजवळ नाही.

म्हणूनच पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेल्या परिपत्रकात एक मूलभूत गोष्ट मांडली. दोघांनी मिळून मजुरी ठरवली एवढ्यानेच ती न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे त्यात भागले पाहिजे. पोटाच्या भीतीने कामगाराने कमी मजुरी मान्य केली, तर ती त्याच्यावरची जबरदस्तीच आहे. म्हणजे बाजाराला वर जायला मोकळीक असली, तरी त्याच्या खाली एक जमीन हवी. लिलावातल्या खेळाडूला ती जमीन ठाऊक असते. मूळ किमतीच्या खाली बोली सुरूच होत नाही.

आणि नाक्यावरच्या मजुराला? सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभे राहणारे स्त्री-पुरुष आपण पालघरला, बोईसरला पाहतो. मुकादम येतो, नजर टाकतो, 'तू ये, तू ये' म्हणतो. धडधाकट आधी उचलले जातात. दहा वाजता जे उरतात, ते डबा घेऊन घरी जातात. तोही लिलावच आहे, पण तिथे बोली खाली खाली जाते. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात मालक संध्याकाळी बाजारात उभे असलेल्यांना विचारतो, तेव्हा ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. त्या मालकाने त्यांनाही पुरा एक दिनार दिला. कारण त्यांच्याही घरी चूल होतीच.

कोट्यवधींच्या बोलीवर टीका करणे सोपे आहे, कारण ती आपल्याला लावायची नसते. पण आवणीला माणसे बोलावताना, घराचे प्लास्टर करून घेताना, घरकामाला बाई ठेवताना आपणही छोटे संघमालकच असतो. 'दुसरी कमी घेते' हे वाक्य आपल्याच तोंडून निघते. तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून राबणारा आपला मुलगा ठेकेदाराकडून हेच वाक्य ऐकून घरी येतो, तेव्हा मात्र ते आपल्याला टोचते.

आणखी एक गोष्ट. हल्ली गावोगावच्या 'प्रीमियर लीग'मध्येही मुलांचा लिलाव होतो. गंमत म्हणून मंडपात नावे पुकारतात, माईकवर बोली चढते, टाळ्या पडतात. ज्याच्यावर बोली चढली त्याला मजा येते. पण सोळा वर्षांच्या ज्या मुलाचे नाव दोनदा पुकारूनही कोणी हात वर करत नाही, तो मान खाली घालून बसतो. शेजारी त्याचे मित्र असतात, कधी वडीलही असतात. शार्दूलसारख्या मुरलेल्या खेळाडूला तो घाव पचवता आला. या मुलाला तो पचेलच, असे कोणी सांगावे? संघ पाडायला चिठ्ठ्या टाकल्या तरी खेळ तेवढाच रंगतो. आपल्या तरुण मंडळांनी यंदा एवढा एक बदल करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

खेळाडूंना कोटी मिळोत. त्यांच्या मेहनतीचा आणि आपल्या आवडीचा तो हिशेब आहे. आपल्या हाती जो हिशेब आहे तो लहान आहे. येत्या शनिवारी कामाचे पैसे चुकते करताना समोरच्या माणसाला आपण किती देतो आणि ते देताना त्याच्याकडे कसे पाहतो, एवढाच.